दात न काढणाऱ्या बाई

‘हलतोय ना डॉक्टर, मग काढूनच टाका.’

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. रोज कुणीतरी म्हणतंच, आणि रोज फिरतं. गुडघा दुखतो म्हणून पाय काढून टाका असं कुणी म्हणत नाही. कमी ऐकू येतं म्हणून कान उतरवून द्या, असंही कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. दातांचा विषय निघाला की मात्र माणसं एकदम कर्णाचे अवतार होतात. घ्या, सगळे घ्या.

असं कुणी म्हणालं की मला बेहेरे बाई आठवतात. त्यांच्यासमोर हे वाक्य उच्चारायची सोय नव्हती. ‘काढायचेच होते तर इथे कशाला आलात? काढणारे गल्लोगल्ली बसलेत,’ असं म्हणून त्या खुर्चीवरचा दिवा खटकन बंद करत. पेशंट आ वासून तसाच पडून राही.

डॉ. निर्मला बेहेरे हिरड्यांच्या डॉक्टर होत्या. आधी दातांचं शिक्षण आणि त्यावर पुढचं हिरड्यांचं. कर्वेनगरात एका इमारतीत, खाली झेरॉक्सचं दुकान आणि पोळीभाजी केंद्र, त्यावर पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना. सकाळची खुर्ची त्यांची, संध्याकाळची माझी. मी त्यांचा भाडेकरू. मराठीत दात काढण्याचे दोन अर्थ आहेत, एक आमच्या धंद्यातला आणि एक फिदीफिदी हसण्याचा. बाई दोन्ही अर्थांनी दात काढत नसत. एखादा अगदीच गेलेला असला तर काढावा लागे, नाही असं नाही. पण मग त्या दिवशी दवाखाना बंद होईपर्यंत त्या कामापलीकडे एक शब्द बोलत नसत.

हसण्याचं म्हणाल, तर टूथपेस्ट कंपनीचा माणूस अधूनमधून एका हसऱ्या मुलीचं पोस्टर देऊन जायचा. बाईंनी ते कधी लावलं नाही. ‘हिचे दात बघून माझ्या पेशंटच्या हिरड्या सुधारणार आहेत का?’ असं त्याला तोंडावर विचारलं. तो बिचारा पगारी नोकर. पुढच्या वेळी त्यानं पोस्टर जिन्यात ठेवलं आणि तसाच पळाला.

मी खुर्ची भाड्यानं मागायला गेलो, तेव्हा माझी सर्टिफिकिटं फायलीत नीट लावून नेली होती. बाईंनी फाइल उघडलीसुद्धा नाही. खुर्चीकडे बोट केलं आणि म्हणाल्या, ‘बसा. आ करा.’

मला वाटलं, चेष्टा करतायत. त्या चेष्टा करत नसत. आरसा घालून त्यांनी माझे खालचे पुढचे दात आतल्या बाजूनं पाहिले आणि एक सुस्कारा टाकला.

‘अहो डॉक्टर, घासता की नुसता ब्रश फिरवून येता? हे किटण बघा. लोकांना काय तोंडानं सांगणार आहात? आधी हे साफ करू, मग भाड्याचं बोलू.’

आणि केलं की! दातांच्या डॉक्टरचे दात, त्याच्याच मुलाखतीत. मी लालबुंद झालो होतो. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती हसत सुटली. ते सोडा. पण त्या दिवसापासून मी खालच्या दातांची आतली बाजू घासल्याशिवाय घराबाहेर पडलेलो नाही.

बाईंना चीड आणणारे शब्द ठरलेले होते. त्यांत पहिला नंबर ‘उष्णता’. आपल्याकडे हिरडीतून रक्त आलं की उष्णता. तोंड आलं की उष्णता. डोळे लाल झाले, उष्णता. आमच्या समोरच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ आले होते. हिरड्या जांभळ्या, फुगलेल्या, नुसता आरसा टेकवला तरी रक्त. त्यांनी मोठ्या विश्वासानं सांगितलं, ‘मॅडम, उष्णता फार आहे मला. गुलकंद चालू केलाय, सब्जा चालू केलाय, आणि रक्त येतं म्हणून तिकडचं घासणं बंद केलंय.’

‘हात धुताना रक्त आलं असतं, तर हात धुणं बंद केलं असतं?’ बाईंनी विचारलं.

‘छे, डॉक्टरकडे गेलो असतो.’

‘मग तोंड काय शेजाऱ्यांचं आहे? अहो, उष्णता हे निदान नाही, हवामान आहे. ते हवामान खात्याला कळवा. घाण साचली म्हणून हिरडी सुजली, सुजली म्हणून रक्त आलं, रक्त आलं म्हणून तुम्ही घासणं सोडलंत, आणि घासणं सोडलंत म्हणून आणखी घाण साचली. वर गुलकंद. म्हणजे तिला खायला गोडही घातलंत.’

गृहस्थ दुखावले. दुखावले, पण आले. बाईंचे पेशंट दुखावून का होईना, परत येत. कारण बाई त्यांच्या हातात आरसा देत. एक बारीक, खुणा केलेली सळई त्या हिरडी आणि दात यांच्या मधल्या फटीत हलकेच सरकवत आणि म्हणत, ‘बघा, किती आत गेली. इथे हिरडीनं दात सोडलाय. खिसा झालाय. या खिशात काय काय भरलंय, ते तुमचा ब्रश कधी पाहणार नाही.’ माणसाला आपलं रक्त आपल्या डोळ्यांनी दिसलं की त्याची उष्णता उतरत असे.

दुसरा शब्द ‘दुखत नाही’. पहिल्या सफाईनंतर सूज उतरली की पुष्कळ जण फिरकायचेच नाहीत. बाई स्वतः फोन करत. ‘दुखत नाही म्हणून आला नाहीत ना? अहो, हिरडी दुखतच नाही, हाच तिचा दुष्टपणा. दात किडला तर बोंब मारतो. हिरडी खालचं हाड गेलं तरी गप्प बसते. दात हलायला लागला की मग तुम्ही उठता. तोवर घर रिकामं झालेलं असतं.’ खराडीच्या कंपनीतला एक मुलगा लग्नाच्या बायोडेटासाठी दात पांढरे करून मागत होता. ‘मॅम, जस्ट व्हाइटनिंग हवंय, क्लीनिंग नको, क्लीनिंगनं टीथ वीक होतात असं मम्मी म्हणते.’ बाई म्हणाल्या, ‘ओल आलेल्या भिंतीला मी रंग देत नाही. मम्मींनाही घेऊन या.’ आणि खरंच, पुढच्या आठवड्यात दोघं शेजारीशेजारी बसले होते.

आता ताराबाईंचं सांगतो. हे सांगताना माझा आवाज चढतो, त्याला इलाज नाही.

ताराबाई वारज्याच्या. शेतकरी घर. शेतांवर सोसायट्या उभ्या राहिल्या, मुलगा विशाल बांधकामाच्या धंद्यात पडला, दारात मोठी गाडी आली. ताराबाईंची सकाळ मात्र मिश्रीनं व्हायची. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरड्यांवर घासत बसल्याशिवाय त्यांना चहा जात नसे. माघात विशालचं लग्न ठरलं होतं. तो आईला घेऊन आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, ‘मॅडम, मम्मीचं सगळं दात हलत्यात. सगळं काढून नवीन बसवून टाका. लग्नात फोटो चांगलं आलं पायजेत.’

बाईंनी त्याला बसायला सांगितलं आणि ताराबाईंच्या तोंडात आरसा घातला. हिरड्यांवर ठिकठिकाणी पुवाचे फोड होते. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, ‘रात्री लघवीला उठावं लागतं का हो?’

ताराबाई गोंधळल्या. दात दाखवायला आलेल्या बाईला हे काय विचारतात? त्यांनी लेकाकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि मान हलवली. ‘लई येळा.’

‘तहान?’

‘लई.’

बाईंनी चिठ्ठी लिहिली, आधी रक्तातली साखर तपासून या. साखर भरमसाट निघाली. घरात कुणाला पत्ता नव्हता. बाईंनी हिरड्या पाहून मधुमेह ओळखला होता. विशाल त्या दिवशी बाईंच्या पाया पडायला वाकला. हे मी मुद्दाम सांगतो. तो वाईट मुलगा नव्हता. वाईट असता तर मला इतका राग आला नसता.

एकही दात आत्ताच काढायचा नाही, असं बाईंनी ठरवलं. साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या. मिश्री बंद करायला लावली. मग एकेका बाजूनं, भूल देऊन, हिरडीखालचं किटण काढायला घेतलं. ‘दोन-तीन जातील फार तर,’ बाई मला म्हणाल्या. ‘बाकीच्यांना हाड आहे अजून. बाईची हाडं चांगली आहेत. वाचतील.’ हे म्हणताना त्यांचा चेहरा मी पाहिला. बाई खूश होत्या. त्या खूश झाल्यात हे ओळखायला सवय असावी लागायची.

आणि उपचार लागू पडला. गंमत, की शोकांतिका म्हणा, ती इथेच आहे. हिरड्यांचा उपचार लागू पडला की पेशंटला वाटतं, वाटोळं झालं.

तंबाखूनं हिरडीतलं रक्त दबून राहतं. मिश्री सुटली आणि ताराबाईंच्या हिरड्यांतून रक्त दिसायला लागलं. सूज उतरली, हिरड्या आवळल्या, तर दातांच्या मध्ये काळ्या फटी दिसायला लागल्या. वर्षानुवर्षांचं किटण दातांना एकमेकांशी सिमेंटसारखं धरून होतं, ते निघालं, तर दात मुळात जितके सुटले होते तितके हलायला लागले. गार पाणी झोंबायला लागलं. घरी आत्या, माम्या, शेजारणी जमल्या आणि सगळ्यांचं एकमत झालं. मिश्री होती तोवर बाईचं तोंड बरं होतं.

पुढच्या सफाईच्या दिवशी मी लवकर आलो होतो. ताराबाई खुर्चीत आडव्या, तोंडात थुंकी ओढणारी नळी, बाईंचं काम अर्धं झालेलं. दार उघडून विशाल आत आला, मागे त्याचा मामा.

‘मॅडम, थांबा जरा. आधी रक्त येत नव्हतं. तुमी मिश्री सोडवली आन् रक्त सुरू झालं. आधी दात गच्च व्हतं. तुमी खरवडलं आन् फटी पडल्या. याला बरं होणं म्हणायचं का?’

‘हो, यालाच म्हणायचं,’ बाई हात न थांबवता म्हणाल्या. ‘गच्च नव्हते ते. किटणानं चिकटलेले होते. पायाची सूज उतरली की चप्पल सैल होते. म्हणून कुणी पाय पुन्हा सुजवून घेत नाही.’

मामा म्हणाला, ‘आमच्या पावण्यांनी सगळं काढून नवीन बसवलं खराडीला. एका दमात. तिथं गॅरंटी देत्यात. तुमी देताय का गॅरंटी?’

‘गॅरंटी मिक्सरला मिळते. वाण्याकडे विचारा.’

मला तेव्हा बाईंचाही राग आला. अहो, आत्ता नको, असं ओरडावंसं वाटलं. समोरचा माणूस घाबरलेला आहे, त्याची आई आहे, लग्न तोंडावर आलंय, त्याला दोन शब्द गोडीनं सांगा. पण गोडीनं सांगणं बाईंना कधी जमलंच नाही. त्या बरोबर होत्या, आणि बरोबर असण्यापुढे त्यांना दुसरं काही दिसत नसे. पुण्यात हा आजार हिरड्यांच्या आजारापेक्षा जास्त पसरलेला आहे.

मग जुंपलीच. विशाल खुर्चीच्या एका बाजूला, बाई दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या मध्ये ताराबाई. त्यांचे डोळे इकडून तिकडे जात होते. नळी गुळगुळ वाजत होती. एकदा त्यांनी हात वर केला. बाईंनी ‘एकच मिनिट हं’ म्हणून तो हात हळूच खाली ठेवला आणि विशालला म्हणाल्या, ‘तुमच्या आईचे दात मी काढणार नाही. काय करायचं ते करा.’

त्यांनी केलं. पुढच्या वेळी ताराबाई आल्या नाहीत. बाईंनी फोन केला. मी शेजारीच होतो, विशालचा आवाज मला ऐकू आला. ‘काम झालं मॅडम. सगळं काढलं. तुमचा राग न्हाई, पण आमाला येळ नव्हता.’

बाईंनी फोन ठेवला. मग मामा म्हणाला होता त्या खराडीच्या दवाखान्याचा नंबर शोधला आणि तिथल्या डॉक्टरला गाठलं. तरुण होता, अदबीनं बोलत होता.

‘एक्स-रे पाहिला होतात का?’

‘पाहिला होता, मॅडम.’

‘हाड दिसलं नाही?’

‘दिसलं. पण पेशंटच्या घरच्यांची इच्छा होती.’

‘घरच्यांनी नाक कापायला सांगितलं असतं तर कापलं असतंत?’

तिकडून फोन बंद झाला. मला लोकांपेक्षा या माणसाचा जास्त राग आहे. लोकांना माहीत नसतं. मामाला माहीत नव्हतं, शेजारणींना माहीत नव्हतं. याला माहीत होतं. हाड समोर दिसत होतं, साखर अजून ताब्यात आलेली नव्हती, आणि यानं एका बाईच्या तोंडातले भले दात उपटून हाडात स्क्रू ठोकले. त्यातले निम्मेअधिक धरलेच नाहीत, असं पुढे कानावर आलं. लग्नात ताराबाईंनी तात्पुरती कवळी घातली आणि नंतर तीच कायमची झाली. माझ्याच धंद्यातला माणूस, मी शिकलो तीच पुस्तकं शिकलेला. चीड येते, दुसरं काय!

बाई त्यानंतर ताराबाईंचं नाव घेत नसत. त्यांच्या अंगठ्याचा सांधाही दुखायला लागला होता. अवजार धरलं की कळ यायची. सकाळची खुर्चीसुद्धा तुम्हीच घ्या आता, असं त्या मला अधूनमधून म्हणत. वर्ष-सव्वा वर्ष गेलं असेल. शेवटचं मला जे आठवतं ते असं.

मी संध्याकाळसाठी आलो, तर आत पेशंट होता. एक तरुण मुलगी, पाच-सहा महिन्यांची गरोदर, खुर्चीत आडवी, तोंडात बाईंचा आरसा आणि नळी. आणि तिच्या शेजारी, पदरानं तोंड झाकून, ताराबाई. गाल आत गेलेले. मी पटकन ओळखलंच नाही.

‘सून हाय माजी. प्रियांका,’ ताराबाई सांगत होत्या. शब्द विरघळल्यासारखे येत होते. ‘हिच्या हिरड्यांतनं रगत येतंय. घरात म्हणत्यात, पोटुशीला आसतंयच, उष्णता हाय. मी म्हणलं, न्हाई.’

 उष्णता हा शब्द ऐकून न चिडलेल्या बाई मी त्याच दिवशी पाहिल्या. मग त्यांनी विचारलं, ‘विशालला माहीत आहे?’

‘न्हाई. सोनोग्राफीला चाललो म्हणून सांगितलंय.’

‘माझ्याकडे कशाला आणलंत, ताराबाई? तुमचे तर वाचवता आले नाहीत मला.’

ताराबाईंनी पदर जरा खाली घेतला. ‘मॅडम, तुमी मला लघवीचं इचारलं. मिश्रीचं इचारलं. घरच्यांनी फोटूचं इचारलं. त्या खराडीच्या डाक्टरनी कागदावर सही इचारली. दात ठिवू का काढू, त्ये मला कुणी इचारलंच न्हाई. माजं दात व्हतं.’ मग बाईंकडे पाहून त्या म्हणाल्या, ‘तुमीबी न्हाई.’

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना सोपं गेलं असतं, रागाशी बाईंची ओळख होती. मी दारात उभा होतो आणि आत जावं की बाहेर, मला समजत नव्हतं.  

मग बाईंनी प्रियांकाच्या तोंडातला आरसा काढून ट्रेमध्ये ठेवला. नळी काढली. दिवा तिच्या डोळ्यांवरून बाजूला केला. खुर्चीचं बटण दाबून तिला आडवीची सरळ बसती केली, स्वतःचं स्टूल फिरवून तिच्या समोर आणलं आणि तोंडावरचा मास्क खाली ओढला.

‘हिरड्या वाचतील तुमच्या,’ बाई म्हणाल्या. इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं. ‘पण चार वेळा यावं लागेल, थोडं झोंबेल, आणि घरचे नको म्हणतील. तुम्ही सांगा. तुम्हाला काय हवंय?’

प्रियांकाला कुणी असं विचारण्याची सवय नसावी. ती गडबडली आणि सासूकडे बघायला लागली.

‘माज्याकडं बघू नगं,’ ताराबाई म्हणाल्या. ‘तोंड तुजं हाय. तू बोल.’